फोटोची रिकामी चौकट

राजापेठेच्या कोपऱ्यावर मेथी आणि सांभाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या विकणाऱ्या मावशीचं नाव फेरीवाल्यांच्या यादीत आलं नाही. तिच्यासकट त्या रांगेतल्या बावीस जणींचं आलं नाही. सर्वेवाले आले, मोबाइलवर फोटो काढून गेले, आणि यादी लागली तेव्हा ही माणसं त्या कोपऱ्यावर कधी बसलीच नव्हती. यादीत नाव नाही म्हणजे जागा नाही. हरकतीचा अर्ज छापील हवा, अर्जावर फोटो हवा, आणि शेवटच्या दिवशी पाचच्या आत हवा.

सगळे म्हणाले, टायपिंगच्या दुकानात जाऊ. मीच अडलो. मी पत्रकं काढणारा माणूस, तासाभरात मजकूर लिहून, जुळवून, छापून वाटणारा. म्हटलं, दुकानाच्या पायरीवर काहून उभं राहायचं? आपला प्रोग्रॅम आपण लिहू. पायथन मी व्हिडिओ पाहून शिकलो होतो. म्हणजे शिकलो नव्हतो.

पहिले दोन दिवस एका कंसात गेले. बटणाला काम सांगताना फंक्शनच्या नावापुढं मी कंस लावले होते. त्यामुळे प्रोग्रॅमची खिडकी उघडताच, एक अक्षरही न लिहिता, ‘नोंद झाली’ असं यायचं, आणि नंतर बटण दाबलं तर ढिम्म. अगदी सर्वेवाल्यांसारखं. कंस काढल्यावर बटण हललं.

अर्ज छापायचा कसा, हेही येत नव्हतं. त्यावर मी पत्रकवाल्याचा तोडगा काढला. खिडकीच अर्जासारखी मांडली, डावीकडे नाव आणि जागा, उजवीकडे फोटोची चौकट. भरलेल्या खिडकीचं चित्र घ्यायचं आणि तेच छापायचं. पत्रकात पडद्यावर दिसतं तेच कागदावर येतं. घरी माझा फोटो घालून पाहिला, इथंही तेच झालं.

शेवटच्या दिवशी सकाळी अकराला केळीवाल्या चाचांच्या गाडीमागे क्रेटवर लॅपटॉप मांडला. मावशी पहिली आली. नाव भरलं, फोटो निवडला. चौकट करडी, रिकामी.

“माहा फोटो कुठी हाय?”

“येते मावशी, थांबा.”

आला नाही. प्रोग्रॅम बंद करून पुन्हा चालवला. फोटोची फाइल बदलली, नाव बदललं, आकार कमी केला. तेच. लाल अक्षरात चूक दाखवली असती तर तिच्याशी भांडलो असतो. पण चूक नव्हतीच. पायथनच्या मते सगळं बरोबर होतं.

चाचा मान वाकवून पाहत होते. “बेटा, ये मशीन भी वोइच बोल री, जो साहब लोग बोले. फोटो है, पर नहीं है.”

रांग हसली. मी हसलो नाही.

“छाप दे और गोंद से चिपका दे,” चाचा म्हणाले. “फोटो स्टुडिओवाला निकाल देगा.”

आज सांगतो, तेव्हाच ऐकायला हवं होतं. मी त्यांना उलट समजावत बसलो की चिकटवलेला फोटो पडतो, मग ते म्हणतील फोटो नव्हताच. खरं कारण लाज होती. चार दिवस बढाया मारल्या होत्या.

अकोल्याचा मित्र क्लासमध्ये प्रोग्रॅमिंग शिकवतो. शिकवताना त्याचा फोन बंद असतो. मी बारा वेळा लावला. तोवर मावशी म्हणाली, “मी जाते बापू, बायांच्या गाड्या कोण पाहीन? त्याईचं कर पह्यले. माहं शेवटी.” अन् ती सगळ्यांचा माल राखत बसली.

चारला फोन लागला. घरी फोटो दिसत होता, आता दिसत नाही, एवढं सांगितलं.

“काय बे, फोटो फंक्शनच्या आत घेतला काय?”

“हो. आज सकाळीच आत टाकला. नीटनेटकं दिसावं म्हणून.”

“म्हणून घरी दिसत होता अन् आता नाई. अबे, लेबल म्हणजे तुही ती चौकट, ते फोटो दाखवते, धरून ठेवत नाई. फंक्शन संपलं का त्याले धरणारं कोणी उरत नाई, पायथन झाडून नेते. लेबललाच बांधून ठेव. लेबल डॉट इमेज बरोबर फोटो. एक ओळ.”

एक ओळ लिहिली. करड्या चौकटीत पहिल्या बाईचा चेहरा आला आणि रांगेतून एकदम “आली, आली!” असा गलका झाला. मग एकेकीचं नाव, एकेकीचा फोटो. प्रत्येकीला स्वतःला नीट पाहायचं होतं, आणि नाही म्हणायला मला तोंड नव्हतं. पेनड्राइव्ह घेऊन झेरॉक्सवाल्याकडे आणि तिथून महापालिकेच्या कचेरीत, अशा पळत तीन फेऱ्या झाल्या.

तिसऱ्या फेरीत मावशीचा अर्ज होता. कचेरीच्या खिडकीपाशी पोचलो तेव्हा आतला माणूस कुलूप लावत होता.

“पाच वाजले.”

“दोन मिनिटं झाली फक्त.”

“मग पाच वाजलेच ना.”

मी ओरडलो. ओरडणं मला येतं. पाठमोऱ्या माणसावर त्याचा काही उपयोग झाला नाही.

एकवीस अर्ज आत गेले. मावशीचा माझ्या पिशवीत राहिला, फोटोसकट, अगदी स्पष्ट. आता दुसऱ्या अर्जासाठी मी त्या कचेरीत चकरा मारतो, आणि दर वेळी ‘पुढच्या सर्वेत पाहू’ ऐकून परत येतो. मावशी अजून कोपऱ्यावर बसते, पण महापालिकेची अतिक्रमण हटवणारी गाडी आली की जुडी-जुडी पाटीत भरून उठते. बाकीच्यांची नावं आता यादीत आहेत, त्या बसून राहतात.

परवा तिनं विचारलं, “बापू, मी गाड्या पाहाले गेली नसती तं माहा अर्ज पह्यला लागला असता ना?”

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार?