ड्रायव्हरची बायको मोटरीत बसत नाही

रझियाला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती रस्त्यानं चालत होती आणि तिचा नवरा रिकामी मोटर घेऊन बैलाच्या चालीनं तिच्या मागून येत होता. मधूनच तो रबरी भोंपू दाबायचा, एक लांब, दोन आखूड, आणि बाहेर वाकून विनवायचा, "बस गो आता, लोक बघतायत."

"बघू देत," ती मागे न वळता म्हणाली. "ओकताना बघण्यापेक्षा चालताना बघितलेलं बरं."

ही गोष्ट १९३१ सालच्या माघातली. आमच्या नाटक कंपनीचा मुक्काम तेव्हा रत्नागिरीत होता आणि मी कंपनीत स्त्रीपार्ट करत असे. रझियाचा नवरा जैनुद्दीन रत्नागिरी-कोल्हापूर सर्व्हिस मोटरीवर ड्रायव्हर. आमचे पडदे आणि पेट्या त्यानंच आंबा घाट चढवून-उतरवून आणलेल्या, त्यामुळे दोस्ती झाली होती. दिसायला देखणा, भुवईसुद्धा तेल लावून बसवलेली. अख्ख्या गावात मोटर चालवणारे मोजके, त्यामुळे त्याचा रुबाब कलेक्टरच्या खालोखाल. आणि त्याची तीन आठवड्यांची नवीकोरी बायको मोटरीत बसायला तयार नव्हती.

त्याला कारण होतं. रझिया नाटे बंदरातल्या तांडेलाची मुलगी. लहानपणापासून बापाच्या मचव्यावर चढलेली, वादळात मचवा उभा-आडवा झाला तरी वाटीतला भात खाऊन संपवणारी. लग्नानंतर ती मांडवी बंदरात उतरली तेव्हा जैनुद्दीननं मोटर झेंडूच्या माळांनी सजवली होती. दहा मिनिटांचा रस्ता. पाचव्या मिनिटाला पेट्रोलचा वास तिच्या डोक्यात गेला आणि दुसरं काही हाताशी नव्हतं म्हणून नवऱ्याची नवी टोपी कामी आली.

त्यातून मोटरमालकानं त्यांना राहायला दिलेली खोली कुठे, तर गावाबाहेर सड्यावर, मोटरींच्या शेडच्या मागे. चारी बाजूंना काळा कातळ. मीठ संपलं तरी नवऱ्याच्या मोटरीची वाट बघायची, आणि मोटर आली की नाकाला पदर लावायचा. रझियानं शेवटी सांगून टाकलं, "शुक्रवारी बावाचा मचवा मुंबईहून परत येतोय. तोवर पायांनी राहता येईल असं घर बघा. नाहीतर मी बावाबरोबर नाट्याला जाते. घर मिळालं की बोलवा."

जैनुद्दीन हे मला सांगायला आला तेव्हा सोमवार होता आणि त्याचा चेहरा घाटात ब्रेक गेल्यासारखा.

"मास्तर, तुम्ही स्टेजवर बाई होता. बाईच्या मनात काय असतं ते तुम्हाला ठाऊक असणार."

"जैनुद्दीन," मी म्हणालो, "त्या वेळी माझ्या मनात फक्त एवढंच असतं की डोक्यावरचा टोप पडू नये."

तरी मी गेलो. कंपनीत दिवसा दुसरं काम काय असतं?

त्यानं पहिलं घर दाखवलं ते सड्याच्या उताराला. "बाजार दोन मिनिटांवर," तो छाती काढून म्हणाला. रझियानं काही वाद घातला नाही. परसात तीन दगड मांडले, मडक्यात भात चढवला, आणि मला म्हणाली, "मास्तर, चला. बाजारातून नारळ घेऊन यायचं. परत येईस्तोवर भात शिजलेला असला तर घर चांगलं. करपला तर नाही. आमच्या नाट्यात असंच बघतात."

आम्ही निघालो. उतार संपला, चढ लागला, चढ संपला, पुन्हा उतार. नारळ घेऊन परत आलो तेव्हा माझ्या पायांत गोळे आले होते आणि धूर परसाच्या गडग्याबाहेर आम्हाला आणायला आला होता.

"दोन मिनिटं म्हणालात ना?" रझियानं नवऱ्याला विचारलं.

"दोनच मिनिटं लागतात! तिसऱ्या गिअरमध्ये."

"तुमची मिनिटं पेट्रोल पितात," ती म्हणाली. "माझी पेज पितात."

मग माझ्या ध्यानात आलं की सात वर्षं मोटर चालवून हा माणूस चालण्याचं अंतरच विसरलाय. दुसरं घर 'हाकेवर' होतं. ती हाक म्हणजे मोटरीचा भोंपू. मंगळवारी आणखी दोन मडकी काळी झाली.

बुधवारी रझियानं आमचा नाद सोडला. रस्त्यानं डोक्यावर धुण्याची बोचकी घेऊन बायका चालल्या होत्या. ती मुकाट्यानं त्यांच्या मागे गेली. बायका चिऱ्यांच्या पायऱ्यांची एक पाखाडी उतरल्या, आणि खाली तळं. तळ्याच्या काठानं एक आळी, वीस-बावीस घरं. सोनार, तेली, दोन बांगडीवाले मुसलमान. मशीद पाखाडीच्या तोंडाशी, विहीर मध्ये, बाजार मागच्या बोळातून. पायऱ्यांमुळे आळीत बैलगाडीसुद्धा उतरत नसे. तळ्यात पांढरी बदकं कोणाची जहागीर असल्यासारखी फिरत होती.

जहागीर यमुनाबाईंची होती. साठीच्या विधवा, तळ्याकाठच्या घराचा अर्धा भाग रिकामा, आणि जीभ अशी की सोनार तिच्यावर कस लावून बघेल. रझियानं परसात दगड मांडायची परवानगी मागितली. कारण ऐकून यमुनाबाई स्वतः मडक्यापाशी पहाऱ्याला बसल्या. रझिया बाजारात गेली, नारळ घेतला, मशिदीपाशी वळली, विहिरीवर दोन बायकांशी बोलली आणि परत आली. भात मोकळा, दाणान् दाणा वेगळा.

"राहा गो पोरी," यमुनाबाई म्हणाल्या. "नवऱ्याला घेऊन ये. काय करतो?"

रझिया उत्तर देणार एवढ्यात त्याच पुढे म्हणाल्या, "काही का करेना. फक्त मोटरवाला नको. दोन वर्षांपूर्वी वर सडकेवर एका मेल्यानं माझा राजा बदक चिरडला आणि थांबलासुद्धा नाही. तोंड दिसलं नाही, पण त्याचा भोंपू मेल्यावरसुद्धा ओळखीन."

रझिया "उद्या येतो" म्हणून निघाली. मला हे सांगताना तिचा चेहरा पडला होता. जैनुद्दीनला मी बाजूला घेतलं. "बदक?"

"मला दगड वाटला," तो जमिनीकडे बघत म्हणाला.

आता रझिया खरं सांगायचं म्हणत होती. तिथं मी आडवा आलो. सगळा दोष माझा. नाटकवाल्याला साधी गोष्ट साधी ठेवताच येत नाही. मी तिला म्हटलं, तू फक्त गप्प बस. जैनुद्दीनला मी कंपनीची शेरवानी चढवली, कानात अत्तराचा फाया खोचला, हातात एक पेटी दिली. तो आता अत्तराचा व्यापारी. अर्धा दिवस त्याला चालायला शिकवलं, कारण तो चालताना उजवा पाय सारखा ब्रेकवर ठेवत होता.

"आणि कमी बोल," मी बजावलं. "अत्तरवाल्याचा माल बोलतो."

गुरुवारी चौथ्या प्रहरी आम्ही तिघे पाखाडी उतरलो. यमुनाबाई ओट्यावर बसलेल्या. जैनुद्दीन ऐटीत चालत होता. माझ्या मनात आलं, याला पुढच्या नाटकात राजपुत्र द्यावा. पाखाडीच्या शेवटी एक आंधळं वळण होतं. तिथं आला मात्र, राजपुत्रानं उजवा हात बाहेर काढला आणि तोंडानं आवाज दिला,

"भोंऽऽऽप! भोंप भोंप!"

तळ्यातली बदकं एकदम उडाली. यमुनाबाई उठून उभ्या राहिल्या.

"हाच तो मेला!"

अत्तराची पेटी खाली पडून उघडली. आत माझी रंगाची डबी आणि दोन मिशा होत्या.

"आणि हा नटवा?" यमुनाबाईंनी माझ्याकडे बोट केलं. "हा पण खोटाच असेल!"

"मी खरा नट आहे, बाई," मी म्हणालो. तेवढं एकच वाक्य मला सुचलं, आणि ते टाळी घेणारं नव्हतं.

रझिया मात्र पुढे झाली. आधी तिनं आम्हा दोघांकडे असं पाहिलं की मी तळ्याची खोली अजमावू लागलो. मग म्हणाली, "मावशी, हे मोटरवालेच. बदक यांनीच मारलं. काल मी बोलले नाही, ती चूक माझी. पण मला हीच आळी हवी, कारण यांची मोटर इथं येऊच शकत नाही. तुम्ही तिचा भोंपू दोन वर्षांत एकदा ऐकलात. मी तिच्या शेडमागे राहते. उद्या बावा मला न्यायला येतोय. घर नाही दिलंत तर जाईन, तुमच्यावर राग नाही."

यमुनाबाई पुन्हा ओट्यावर बसल्या. मग जैनुद्दीनला विचारलं, "काय रे, दगड वाटला होय?"

यांना हे कसं कळलं म्हणून तो घाबरून माझ्याकडे बघू लागला. मी मान हलवली. मी सांगितलं नव्हतं. सगळे ड्रायव्हर तेच सांगत असावेत.

"घर हिला दिलं," यमुनाबाई म्हणाल्या. "तुला नाही. तू हिच्याकडे पाहुणा. मोटर वर सडकेला ठेवायची, भोंपू काढून खिशात घालायचा, आणि घरी असशील त्या दिवशी संध्याकाळी माझी बदकं तळ्यातून खुराड्यात घालायची. एकही कमी झालं तर पाहुण्यानं चालू लागायचं."

त्याच संध्याकाळी रझियाची लोखंडी पेटी जैनुद्दीननं सडकेपासून डोक्यावर उतरवली. आळीतली पोरं मोजत होती: पायऱ्या त्रेसष्ट, बसणं पाच वेळा.

शुक्रवारी उन्हं कलताना, असरच्या नमाजानंतर, तांडेल सासरा सड्यावरून पत्ता विचारत मुलीला न्यायला आला. त्यानं बघितलं ते असं: जावई गुडघाभर पाण्यात, पायजमा वर खोचलेला, हातात निरगुडीची काठी, आणि समोर अकरा बदकं, त्यातलं एकही त्याचं ऐकत नव्हतं.

"हा काय करतोय?" त्यानं मला विचारलं.

"घरभाडं देतोय," मी म्हणालो.

म्हाताऱ्यानं जावयाला काठावरून बराच वेळ न्याहाळलं. "डावीकडून घे रे," तो शेवटी न राहवून ओरडला, "वाऱ्याच्या बाजूनं!" आणि स्वतः पाण्यात उतरला. तांडेलाच्या हुकमाखाली बदकं पहिल्यांदाच एका रांगेत निघाली.

मग तो ओले पाय पुसत मुलीला म्हणाला, "चल. भरतीला मचवा सोडायचाय."

"मी नाय येत, बावा," रझिया म्हणाली. "पण बंदरावर पोचवायला येते."

जैनुद्दीन लगबगीनं काठावर आला. "मोटर वर उभी आहे. मी दोघांना..."

"तुम्ही बदकं मोजा," ती म्हणाली.

बापलेक पाखाडी चढून गेले. मांडवी तिथून अर्ध्या तासावर, माणसाच्या अर्ध्या तासावर. जैनुद्दीन ओट्यावर बसला आणि पाखाडीच्या वळणाकडे बघत राहिला. बाप नेईल की काय, हे त्याच्या कपाळावर लिहिलेलं होतं. यमुनाबाई सुपारी कातरत होत्या, त्यांनी त्याला एक खांड दिलं. तो ते हातातच धरून बसला.

दिवेलागणीच्या आधी ती वळणावर दिसली. एकटी, हातात बांगड्यांची जुडी, म्हणजे मांडवीवरून आणलेले ताजे मासे, आणि गजरासुद्धा घेतलेला. विहिरीपाशी कोणाशी तरी बोलायला थांबली. चांगली बराच वेळ बोलत उभी राहिली.

"हाक मारू का?" जैनुद्दीननं विचारलं.

"गप बस," यमुनाबाई म्हणाल्या. "येईल तिची ती."