चपला घातल्यावरचं बोलणं

रेवा, अन्वय, मागच्या वेळी तुम्ही कर्जतला आला होतात, तेव्हा संध्याकाळी एक गृहस्थ आपल्या दारात उभे होते. पायात चपला, एक हात फाटकाच्या कडीवर, आणि "निघतो मग" असं म्हणून पुन्हा बोलायला सुरुवात. तेव्हा रेवाने माझ्या कानात विचारलं होतं, "आजी, हे काका जात का नाहीत?" त्या काकांबद्दल मी हे लिहिते आहे. आता ते इथे राहत नाहीत. तुम्ही पुन्हा याल तेव्हा भेटतीलच असं नाही.

त्यांचं नाव दत्ताराम ठोंबरे. मूळचे लोधिवलीकडचे, शेतकरी घरातले. खालापूरजवळच्या एका रंगाच्या कारखान्यात प्रयोगशाळेत कामाला होते. मालाची छटा नमुन्याशी जुळते की नाही, हे पाहून पास-नापास ठरवायचं, हे त्यांचं काम. मुलीच्या शाळेसाठी त्यांनी इथे कर्जतच्या दहिवलीत आपल्या शेजारचं घर घेतलं. मुलगी लग्न होऊन जवळच शेलूला गेली. घरात ते आणि त्यांची बायको सुरेखा असे दोघंच उरले.

ते पहिल्यांदा आपल्याकडे आले ते शेतातला दुधी घेऊन. बसले, चहा घेतला, आजोबांच्या गुडघ्याची चौकशी केली, भातावरच्या रोगाविषयी बोलले. मग उठले, चपला घातल्या, फाटकापर्यंत गेले आणि वळून म्हणाले, "ते आपलं... शिडी हाय का तुमच्याकडं? नाय, असू दे, घाई नाय." टाकीच्या नळातून सकाळपासून पाणी वाहत होतं, हे मला नंतर सुरेखाकडून कळलं.

मी त्यांना एकदा विचारलं, "अहो ठोंबरे, आल्या आल्या का नाही सांगितलंत?"

"आमच्यात तसं नाय काकी. घरात शिरल्या शिरल्या मागायचं म्हणजे माणसाकडं नाय, वस्तूकडं आल्यासारखं. आधी माणसांची खुशाली, मग गुरांची, मग पिकाची. काम चपला घातल्यावर. आणि घरवाला शहाणा असला तर तोच विचारतो, बोला, काय काम काढलंत?"

"आणि नाही विचारलं तर?"

"मग तो घरवाला नाय. दुकानदार."

सुरेखा कुंपणापलीकडून ऐकत होती. ती म्हणाली, "काकी, यांना चपला घालूनच बसवत जा. एक चहा तरी वाचंल तुमचा."

आता हे वाचून तुम्हाला वाटेल की या माणसाला थोडक्यात बोलताच येत नव्हतं. तसं नव्हतं. आजोबांचं ऑपरेशन ठरलं आणि रक्त मिळेना, तेव्हा हॉस्पिटलच्या बाकावर बसून ठोंबऱ्यांनी मोबाइलवर लिहिलं: 'बी निगेटिव्ह रक्त पाहिजे. पनवेल. आज दुपारपर्यंत. कोण येतंय, मला फोन करा. दत्ता ठोंबरे.' कारखान्यातली दोन मुलं मोटारसायकलवरून आली. मी सगळी नोकरी इंग्रजी पत्रव्यवहारात घालवली. इतका नेमका मजकूर माझ्या हातून क्वचितच लिहिला गेला असेल. दुसऱ्यासाठी मागताना त्यांना चपला आठवत नसत.

मग कारखाना बंद झाला. मालकांनी यंत्रं दुसऱ्या राज्यात हलवली. ठोंबरे पन्नाशी ओलांडलेले. त्यांना या भागातच काम हवं होतं. लोधिवलीची शेती आठवड्यातून दोनदा बघता यावी, मुलगी हाकेच्या अंतरावर असावी, सुरेखाला एकटं ठेवावं लागू नये, एवढंच त्यांचं म्हणणं. मुलीने त्यांना नोकरदारांच्या त्या वेबसाइटवर खातं काढून दिलं. तिथे ओळखीच्या आणि अनोळखी माणसांना मेसेज पाठवायचे असतात आणि ते इंग्रजीत असलेले बरे, म्हणून ते माझ्याकडे येऊ लागले.

त्यांनी स्वतः लिहिलेला पहिला मेसेज वाचून मला हसू आवरलं नाही. एका जुन्या साहेबांना लिहिला होता. आधी तब्येत, मग साहेबांच्या मुलाचं शिक्षण, मग चौक गावचा रस्ता किती खराब झाला आहे ते. आणि शेवटी, 'ओके सर, आय ॲम लीव्हिंग नाऊ.' त्याखाली लगेच दुसरा मेसेज होता, साहेबांच्या वडिलांची चौकशी करणारा.

"यात काम कुठे आहे?" मी विचारलं.

"सायेब विचारतील ना."

मी त्यांना समोर बसवून समजावलं. समोरचा माणूस हा मेसेज जिना चढता चढता वाचणार. सुरुवातीला आपली ओळख द्यायची, एका ओळीत. मग आपल्याला काय येतं ते. शेवटी एकच गोष्ट मागायची आणि तीही स्पष्ट. आभार मानायचे, नाव आणि फोन लिहायचा आणि थांबायचं. नंतर आठवडाभर वाट पाहून, उत्तर नसेल तर एकदाच आठवण करायची.

ते सगळं ऐकून घेऊन म्हणाले, "म्हणजे चपला घालूनच घरात शिरायचं."

"तसंच समजा."

"बरं. तुमी म्हणता तर शिरतो."

त्यांचा खरा भरवसा होता निखिलवर. निखिल हा त्यांच्या हाताखाली तयार झालेला मुलगा. त्याला छटा बघायला यांनीच शिकवलं. खिडकीच्या उजेडात कुठे उभं राहायचं, डोळे थकले की किती वेळ हिरव्या झाडाकडे पाहायचं, सगळं. निखिल आता खोपोलीकडच्या एका नव्या कारखान्यात प्रयोगशाळेचा प्रमुख होता. त्याला पाठवायचा मेसेज आम्ही दोघांनी दुपारभर बसून केला. शेवटची ओळ मी लिहिली: मी सध्या कामाच्या शोधात आहे, तुमच्या प्रयोगशाळेत जागा असेल तर माझा विचार व्हावा, या आठवड्यात तुम्हाला कधी फोन करू?

दुसऱ्या दिवशी ते कुंपणापाशी आले. निखिलचं उत्तर आलं होतं. 'आठवण काढलीत, खूप बरं वाटलं सर. तब्येत सांभाळा.' आणि हात जोडल्याचं चित्र.

मला ते विचित्र वाटलं. मी मोबाइल मागितला आणि त्यांनी पाठवलेला मेसेज वाचला. शेवटची ओळ नव्हती.

"ती काढली मी," ते म्हणाले. "काकी, पोरगा हाय तो माझा. त्याच्या लग्नात मी मांडवात राबलोय. त्याला असं लिहायचं? बरं नाय दिसत. तो विचारंल बघा. सर, एवढ्या दिवसांनी कशी आठवण काढली? मग सांगतो."

"त्याने विचारलं नाही ना पण."

"कामात आसंल."

"मग आता आठवण करा. एक ओळ पुरे."

"दसऱ्याला करतो. सोनं द्यायचं निमित्त हाय."

दसऱ्याला त्यांनी आपट्याच्या पानांचं चित्र पाठवलं, शुभेच्छा दिल्या, निखिलच्या आईच्या डोळ्यांची चौकशी केली. निखिलनेही शुभेच्छा दिल्या. सुरेखा चिडून मला म्हणाली, "यांचा निखिल फाटकात हुबा हाय आणि हे बी फाटकात हुबे. आत कुणी जात नाय आणि भायेर कुणी येत नाय."

पुढे चौकला एका लग्नात दोघं समोरासमोर आले. निखिल वाकून पाया पडला आणि सहज म्हणाला, सर, सध्या कुठे? तेव्हा ठोंबऱ्यांना सांगावं लागलं. निखिलचा चेहरा पडला म्हणे. त्याच्याकडची जागा दिवाळीआधीच भरली होती. तो माणूस शोधत होता, मुलाखती घेत होता आणि त्याच वेळी यांचे खुशालीचे मेसेज त्याच्या मोबाइलवर येत होते. "सर, एक शब्द टाकायचा होतात. मला वाटलं तुम्ही शेती बघताय, आरामात आहात." जेवण न करताच तो निघून गेला.

हे मला सांगताना ठोंबरे आपल्या ओट्यावर बसले होते. मी म्हटलं, "त्याने नाही विचारलं, म्हणून रागावलात का त्याच्यावर?"

"नाय वो. त्याची काय चूक? त्याला वाटलं मी नुसता भेटायला आलोय. तसाच तर गेलो होतो मी."

त्यानंतर त्यांनी गुजरातमधल्या एका अनोळखी माणसाला मेसेज लिहिला. मला दाखवायला आणला तेव्हा मी त्यात एक अक्षरही बदललं नाही. ओळख, अनुभव, एक मागणं, आभार, नाव, फोन. त्याचं दोन दिवसांत उत्तर आलं आणि नोकरी मिळाली.

"परक्याकडं मागायला काय वाटत नाय काकी," ते म्हणाले. "आपल्या माणसाकडं तोंड उघडून मागितलं, म्हणजे तो आपला नाय राहिला असं वाटतं. आता बघा, परक्यानं ठेवून घेतलं."

गुजरातला निघायच्या सकाळी ते आले. मी चहा टाकायला उठले, तर नको म्हणाले. खुर्चीच्या काठावर बसले आणि लगेच बोलले, "काकी, एक काम हाय. सुरेखा एकटी हाय. संध्याकाळी तिच्याकडं एक चक्कर टाकत जा. जमंल का? लई आभार." मी हो म्हटलं. ते उठले.

सवयीने मी त्यांच्या मागोमाग दारापर्यंत गेले आणि चौकटीला टेकून उभी राहिले. आता पाच-दहा मिनिटं उभं राहायचं, हे पायांना ठाऊक होतं. त्यांनी चपला घातल्या, फाटकाची कडी काढली. बाहेर टेंपोत त्यांची ट्रंक आणि गादी चढवलेली होती.

"ठोंबरे," मी म्हटलं, "बोला, अजून काय काम काढलंत?"

ते वळले, थोडे हसले. "काय नाय काकी. सांगितलं सगळं."

आणि गेले. 'निघतो मग' म्हणाले नाहीत.

आता तिकडून त्यांचे मेसेज येतात. छोटे, नीट संपवलेले. सुरेखाची चौकशी, एखादं काम, आभार, नाव. मी रोज संध्याकाळी तिच्याकडे जाऊन येते आणि तसं त्यांना कळवते. त्यांच्या मेसेजमध्ये चौकच्या रस्त्याविषयी, कुणाच्या वडिलांविषयी आता काही नसतं. सुरेखा म्हणते, घरी फोन केला तरी असंच बोलतात.

रविवारी तुमचा व्हिडिओ कॉल असतो. 'ओके आजी, बाय' म्हणून तुम्ही हात हलवता आणि मी फोन बंद करत नाही. आजीला बटण सापडत नाही, असं तुम्हाला वाटतं. बटण मला सापडतं. तुमच्या चपला घालून झाल्या आहेत, तुम्हाला काही सांगायचं असेल, म्हणून मी जरा वेळ दारात उभी असते.