बायोस्कोपच्या गाडीतला लसूण

“काडी ओढू नका!” मी बोंबललो.

गणपतराव दचकले. एका हातात धुपाटणं, दुसऱ्या हातात आगपेटी, असे ते आपल्या मोटरीच्या दारात उभे होते.

ही मोटर म्हणजे फिरता बायोस्कोप आणि फिरतं घरही. मागच्या डब्यात मशीन, पडदा, खाट, भांडी, देव्हारा, सगळं कोंबलेलं. चिखलदऱ्याला हवा खायला आलेल्या साहेबलोकांना खेळ दाखवायला गणपतराव बायकोसह निघाले होते. ब्रेक ढिला झाला म्हणून अमरावतीत माझ्या वर्कशॉपवर थांबले. मी गाडीखाली शिरलो आणि वर नवरा-बायकोचं जुंपलं.

गणपतराव पक्के माळकरी. घरात कांदा-लसूण बंद. आणि अकोला सुटल्यापासून गाडीत लसणाचा वास!

“तुह्या माहेरची खोड जात नाई. चोरून खातं तू!”

“माह्या बापाची आन, पाकळीले शिवली नाई!” सरूबाई आतून रडत म्हणाल्या. “मी चालली माहेरी वरूडले. नाई नांदत आता.”

“जाय! आधी धूप घालून गाडी शुद्ध करतो.”

धूप ऐकला आणि मी खालून सरपटत बाहेर आलो. वास मलाही आला होता, पण तो फोडणीतला नव्हता.

“गॅसची टाकी कुठं हाये?”

“खाटेखाली. हादरे लागतीन म्हून आडवी निजवली.”

मी कपाळाला हात लावला. कार्बाइडवर पाणी पडलं की जो गॅस निघतो, तोच या टाकीत दाबून भरलेला असतो. बायोस्कोपचा दिवा त्यावर जळायचा. बाजारातल्या कार्बाइडच्या गॅसला लसणासारखा वास येतो. ही टाकी उभीच ठेवायची असते. आडवी केली की आतलं, गॅस जिरवून धरणारं औषधी पाणी नळीत उतरतं आणि रबर खातं.

“बाई, आधी उतरा!”

सरूबाई ट्रंक ओढायला लागल्या.

“ट्रंक राहू द्या! लोखंडाची ठिणगी पडली तर तुमीबी जासान अन आमीबी!”

मग त्या उतरल्या. मी श्वास रोखून आत गेलो, टाकीची चावी फिरवून बंद केली, दारं सताड उघडली. छताशी हवेची भोकं होती, पण बाहेरून गारव्यासाठी वाळ्याचे ओले ताटे घट्ट बांधलेले. वैशाखात ताट्याशिवाय वऱ्हाडी माणसाचा जीव राहत नाही, कबूल. पण गॅस जाईल कुठून? ओढून काढले सगळे.

वास गेल्यावर टाकी बाहेर आणली, चावी जराशी उघडली, जोडांवर साबणाचा फेस लावला. एका जोडावर बुडबुडे टराटरा फुगले. आतला रबरी वायसर सडला होता. गळती अशीच शोधायची. काडी लावून शोधणारा सांगायला उरत नाही.

वायसर बदलला. टाकी डब्याच्या मागं, बाहेर, उभी साखळीनं बांधली.

गणपतराव मान खाली घालून उभे.

“सरू, चुकलं माहं. आज तुले माह्याच हातानं...” त्यांनी हातातली आगपेटी माझ्या हवाली केली.

सरूबाईंनी डोळे पुसले. “येतो मी चिखलदऱ्याले. पन ज्याचा आळ घेतला थो आता खाईन. अन वाटून तुमी द्यान.”

चिखलदऱ्याहून परतताना गाडी पुन्हा दारात थांबली. लसणाचा दणकून वास! पान्हा घेऊन धावलो. गाडीपासून दूर, लिंबाखाली गणपतराव पाट्यावर लसूण वाटत होते, तोंड पार तिसरीकडं फिरवून.

“या खेपेले खरा हाये, मिस्त्रीभाऊ,” सरूबाई हसल्या.

मी तरी आधी टाकी तपासलीच.