डाव्या रेषेवरची शिट्टी

फौजेतून हवालदार म्हणून घरी आलो तेव्हा वाटलं होतं, आता पोस्टिंगची कटकट संपली. तसं झालं नाही. कुंभार पिंपळगावच्या बाजारात तालुक्याच्या कबड्डीवाल्यांनी मला गाठलं. युनिटमध्ये मी कंपन्यांच्या सामन्यांना पंच असायचो, हे त्यांना कुणी सांगितलं देव जाणे. पंचांची परीक्षा दिली, पास झालो, आणि तेव्हापासून जालना जिल्ह्यात गावोगाव सामने घेतो. बदल्यात एक नारळ, एक फेटा आणि हरलेल्या गावाच्या शिव्या मिळतात. शिव्या बिनचूक मिळतात, नारळ कधी कधी राहून जातो.

लोक मला मेजर म्हणतात. आमच्याकडं फौजेतून आलेला प्रत्येक माणूस मेजरच. सुरुवातीला मी दुरुस्त करायचो, आता सोडून दिलं.

ही हकीकत वाटूर फाट्यावरून आत गेल्यावर लागणाऱ्या एका गावची. नाव सांगत नाही. गाव वाईट नाही, आणि जे झालं ते कुठंही झालं असतं.

आदल्या संध्याकाळी दादारावांचा फोन आला. दादाराव म्हणजे त्या गावच्या क्रीडा मंडळाचे अध्यक्ष. बोलणं मोठं, मन त्याहून मोठं, आणि राग सगळ्यात मोठा.

"मेजर, उद्या फायनल हाय. आपलं गाव अन् भोकरदनकडचा संघ. भांडण नको म्हणून बाहेरचा माणूस पाहिजे. तुम्ही सरपंच."

कबड्डीत मुख्य पंचाला सरपंच म्हणतात. गावच्या खऱ्या सरपंचांना ते फारसं रुचत नाही, पण नियमच तसा आहे.

"रेषेवर कोण?" मी विचारलं.

"एका बाजूला आमचे मास्तर. दुसऱ्या बाजूला ते कांबळे सर."

कांबळे सर म्हणताच मी निश्चिंत झालो. पलीकडच्या गावात ते शाळेत पीटी शिकवतात. बारीक अंग, जाड चष्मा, आवाज इतका हळू की हजेरी कशी घेत असतील असा प्रश्न पडावा. पण शिट्टी अशी की बैल थबकावा. रोज शाळेला जायचा त्यांचा रस्ता याच गावातून जातो. हे पुढं महत्त्वाचं ठरलं.

सामन्याच्या दिवशी सकाळी आम्ही मैदान तपासलं. फक्कीच्या रेषा बोटानं चाचपल्या, अंतर पावलांनी मोजलं. दुपारी दादारावांच्या घरी पंचांचं जेवण होतं. धपाटे, दही, शेंगदाण्याची चटणी. मी जेवलो, पोटभर जेवलो. फौजी माणसाला कुणी आग्रहानं वाढलं तर नाही म्हणण्याची सवय नसते. कांबळे सर मात्र मैदानालगतच्या शाळेच्या मागच्या लिंबाखाली एकटेच डबा उघडून बसले होते. त्यांचा तो शिरस्ता साऱ्या जिल्ह्याला माहीत आहे.

मी त्यांची थट्टा केली. "सर, धपाटे सोडून भाकरी-ठेचा? कुण्या डॉक्टरनं सांगितलं?"

"मेजर, जिथं शिट्टी वाजवायची तिथं जेवायचं न्हाई," ते म्हणाले. "नंतर ते जेवण बोलतं."

मी हसलो. त्यांच्या बोलण्यात आणखीही काही असावं, कुणाच्या घरात पंगतीला कोण कुठं बसतं वगैरे. ते त्यांनी काढलं नाही आणि मीही खोदलं नाही.

तीन वाजता खेळाडूंची नखं तपासली, हातापायाची दोन्ही. अंगाला तेल नाही ना, ते पाहिलं. नाणेफेक झाली. दादारावांनी मला फेटा बांधला, सरांनाही बांधला. सरांनी तो लगेच उतरवून घडी घालून गुणलेखकाच्या टेबलावर ठेवला. मी डोक्यावरच ठेवला.

आता एक नियम सांगतो, कारण सगळं त्याच्यावरच अडलं. मैदानाच्या दोन्ही कडांना एकेक राखीव पट्टा असतो. चढाई करणाऱ्यानं समोरच्या गड्याला स्पर्श केला की तो पट्टा मैदानात धरला जातो. स्पर्श व्हायच्या आधी तिथं पाय पडला, तर चढाई करणारा बाद. खेळणाऱ्या पोराठोरांना हे पाठ असतं. बघणाऱ्यांना मात्र फक्त एवढंच दिसतं की आपला गडी हात लावून परत आला.

सामना तुल्यबळ झाला. शेवटची चढाई उरली तेव्हा यजमान गाव एका गुणानं मागं होतं. चढाईला विष्णू गेला. गावाचा लाडका खेळाडू, पायात स्प्रिंग. तो डावीकडं गेला, कोपऱ्यातला गडी त्याच्यावर झेपावला, धूळ उडाली, आणि दोघांना हात लावल्याची खूण करत विष्णू मध्यरेषेवर परतला. दोन गुण म्हणजे गाव जिंकलं. ढोल सुरूही झाला.

त्याच वेळी डाव्या रेषेवरून शिट्टी आली. कांबळे सरांचा एक हात वर होता आणि दुसरा राखीव पट्ट्याकडं. स्पर्शाआधी पाय पडला. बाद.

मी उजव्या अंगाला होतो. माझ्या आणि विष्णूच्या पायांच्या मध्ये तीन पाठी आणि धूळ होती. मला काही दिसलं नाही. मी सरांकडं पाहिलं, त्यांनी मान हलवली, आणि मी शिट्टी देऊन तोच निर्णय दिला. सामना संपला.

पुढच्या मिनिटात मैदानात इतके पाय घुसले की फक्कीची रेषा, राखीव पट्टा, विष्णूचा पाय पडल्याची खूण, सगळं मातीत गेलं. कुणीतरी सरांची कॉलर धरली. मी मधे पडलो. दादारावांनी आम्हा दोघांना रेटत शाळेच्या क्रीडा साहित्याच्या खोलीत ढकललं आणि बाहेरून कडी लावली.

"तुमच्या भल्यासाठी लावली," जाळीच्या खिडकीतून ते म्हणाले.

पत्र्याची खोली होती ती. आत गुंडाळलेल्या चटया, फुटका कॅरम आणि व्हॉलीबॉलचे गंजके खांब. एक दार, एक खिडकी. फौजेत पहिला धडा शिकवतात तो हा, की आत जाताना बाहेर पडायची वाट पाहून ठेव. इथं वाट नव्हती. दारावर लाथा पडत होत्या आणि पत्रा अंगावर आल्यासारखा वाजत होता. पाहुण्या संघाच्या टेम्पोपुढं कुणी ट्रॅक्टर आडवा लावला होता, म्हणजे ती पोरंही अडकली होती.

मला भीती वाटली. चौकीवर भीती वाटायची ती समोरच्याची. इथं बाहेर ओरडणारे लोक तेच होते ज्यांनी दुपारी मला "अजून एक घ्या की मेजर" म्हटलं होतं. त्यांच्याशी लढायचं कसं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

दादाराव पुन्हा खिडकीशी आले. घामानं निथळत होते.

"मेजर, पोरं ऐकून न्हाई राह्यली. तुम्ही माइकवर एवढंच बोला, पंचाची शिट्टी चुकली, शेवटची चढाई परत होईल. बास. मंग तुम्ही मोकळे."

"आणि सर?"

"त्यांचं आम्ही पाहून घेऊ."

पाहून घेऊ या शब्दांचा अर्थ सरांना माझ्यापेक्षा लवकर कळला. ते चटईवर बसले होते, चष्म्याची एक काच तडकलेली. उद्या सकाळी त्यांना याच गावातून शाळेला जायचं होतं. परवाही, आणि निवृत्त होईपर्यंत रोज.

"आमच्या घरी जेवलात ना तुम्ही?" दादाराव म्हणाले. "फेटा घातलाय ना आमचा? मंग एवढं तर बराबर करा."

सरांनी म्हटलं होतं तसं जेवण बोलायला लागलं होतं.

मागून एका पोरानं जाळीला मोबाइल चिकटवला. "व्हिडिओ पाहा! बिलकुल साफ दिसतंय, पाय आत हाय!" त्याच्या पाठोपाठ दुसरा मोबाइल, मग तिसरा. हल्ली पंचाला शंभर डोळे आणि त्यातला एकही त्याचा नाही. आमच्या स्पर्धेत व्हिडिओ धरत नाहीत. एकाचा पाहिला की सगळ्यांचे पाहावे लागतात, आणि प्रत्येक मोबाइल आपल्याच गावच्या बाजूला उभा असतो. मी तोंड फिरवलं.

"मेजर," सर हळूच म्हणाले, "तुम्हाला दिसलं न्हाई, मला माहीत हाय. मधे पाठी होत्या. तुम्ही बदला निर्णय. तुमचा काय दोष? मी शिट्टी सोडून देतो, दुसरं काय."

खरं सांगतो, त्या वाक्यानं मला मोह झाला. मी न पाहिलेल्या गोष्टीसाठी मार का खायचा? सुटका एका वाक्यावर होती, आणि ते वाक्य धड खोटंही नव्हतं.

मी त्यांना एकच विचारलं. "सर, पक्कं?"

"पक्कं."

हा प्रश्न मी आयुष्यात याआधी एकदाच विचारला होता.

उत्तरेतल्या एका चौकीवर मी सेक्शन कमांडर होतो. लान्स नाईक रामकिसन माझा बडी, म्हणजे जोडीदार, हसनाबादच्या बाजूचा. शांततेच्या पोस्टिंगला आम्ही कबड्डीत पंच असायचो. एक रेषा माझी, एक त्याची. चौकीवर त्याच्याकडं डाव्या अंगाची पुढची पोस्ट होती. एका पहाटे धुकं असं उतरलं की स्वतःच्या रायफलची नळी दिसेना. वायरलेस सेटवर त्याचा कुजबुजता आवाज आला. सेटवर मी वन, तो टू.

"वन, टू बोलतोय. डावीकडं हालचाल. ओव्हर."

"दिसतंय का? ओव्हर."

"दिसत न्हाई. पण हाय. ओव्हर."

माझ्या बाजूला सगळं सामसूम होतं. स्टँड टू दिला, म्हणजे सगळ्यांना हत्यारानिशी मोर्च्यावर उभं केलं, आणि काही निघालं नाही तर कंपनीत हसं होणार होतं.

"टू, पक्कं? ओव्हर."

"पक्कं. ओव्हर."

मी स्टँड टू दिला. आमचे सगळे जवान आपापल्या जागी पोचले आणि मग गोळीबार सुरू झाला. आम्ही तयार होतो म्हणून वाचलो. पहिली गोळी पुढच्या, रामकिसनच्या पोस्टवर आली होती. मी नंतर "टू, टू, रिपोर्ट, ओव्हर" असं किती वेळ म्हणत राहिलो ते आठवत नाही.

खोलीत मी उठलो आणि डोक्यावरचा फेटा काढला.

"दादाराव, कडी काढा. माइक द्या."

त्यांना वाटलं, मेजर नमला. कडी निघाली, माइक हातात आला. सर माझ्या मागं उभे राहिले. मी पायरीवर आलो तशी गर्दी गप्प झाली.

"मी सरपंच बोलतोय. निर्णय कायम आहे. चढाई बाद. सामना पाहुण्यांचा."

क्षणभर कुणाला कळलंच नाही. मग जो गलका उठला त्यात एक आवाज स्पष्ट ऐकू आला. "तुम्ही सोता पाह्यलं का?"

"न्हाई," मी म्हणालो. माझ्याही तोंडातून गावचीच बोली निघाली. "म्या न्हाई पाह्यलं. त्यांनी पाह्यलं. त्या रेषेवर उभं राहायची ड्युटी त्यांची होती. त्यांची शिट्टी ती माझी शिट्टी. कुणाला काही करायचं असेल तर आधी माझ्याशी."

ऐकून लोक शहाणे झाले, असं समजू नका. एक ढेकूळ माझ्या खांद्याला लागलं, दुसरं दारावर फुटलं. दादारावांनी माइक हिसकावला. आम्ही मागं सरकलो आणि पुन्हा त्याच खोलीत गेलो. आता तर सुटकेचा सौदाही हातात उरला नव्हता.

तेव्हा विष्णू आला. अंगाला माती, गुडघा सोललेला. तो दाराच्या पायरीवर, दाराला पाठ टेकवून, गर्दीकडं तोंड करून बसला. कुणी विचारलं, "विष्ण्या, तू सांग, पाय पडला होता का?" तो बोलला नाही. "उठ ना रे, बाजूला हो!" तो उठला नाही. गावाला आपल्याच पोराच्या अंगावर ढेकळं टाकता येईनात. कोणी पाणी प्यायला गेलं, कोणी दूध काढायची वेळ झाली म्हणून गेलं. दिवस कलता कलता ट्रॅक्टर निघाला.

शेवटी दादारावच दार उघडून आत आले. माझ्याकडं न पाहता सरांना म्हणाले, "जा आता. उद्या शाळेला याल तवा मी फाट्यावर उभा राहीन." आणि ते उभे राहिले. एक दिवस नाही, पुढचा आठवडाभर. असाही माणूस असतो.

विष्णूला पाय पडल्याचं माहीत होतं की फक्त आमची दया आली, हे मला कळलं नाही. मी विचारलं नाही.

त्या रात्रीच तीन जणांनी मला तो व्हिडिओ पाठवला. फोनमध्ये अजून आहे. मध्ये एका सामन्याला सर भेटले, नवी काच, तोच डबा. मीही हल्ली भाकरी बांधून नेतो. लिंबाखाली जेवताना त्यांनी विचारलं, "मेजर, तो व्हिडिओ पाह्यला का?"

"न्हाई."

"पाहा की एकदा. माझ्याही जिवाला बरं वाटंल."

"कशाला? तुम्ही होता ना तिथं."

 डब्यातला अर्धा ठेचा त्यांनी माझ्या भाकरीवर ठेवला.

सामना सुरू करताना मी आधी उजवीकडं पाहतो, मग डावीकडं. दोन्ही पंचांनी हात वर केला की शिट्टी देतो. डावीकडं पाहताना मला थोडा जास्त वेळ लागतो, असं पोरं म्हणतात. लागू दे. तिथं धुकं असतं, आणि धुक्यात माझा माणूस उभा असतो. लान्स नाईक रामकिसन. मला दिसलं नव्हतं. त्यानं सांगितलं होतं, आणि ते खरं होतं.