बाय मी

माझ्या क्लासमधली पोरं मला मागून ‘बाय हूम बाई’ म्हणतात. म्हणू देत. पॅसिव्ह व्हॉइस शिकवताना कुणी वाक्य उलटं केलं आणि कर्ता गाळून टाकला, की मी फळ्यावर डस्टर आपटते. "बाय हूम? कुणाकडून? खिडकीची काच फुटली म्हणतोस, फोडली कुणी ते सांग की!" पोरं हसतात. नांदेडच्या या माडीवर वीसेक वर्षं इंग्रजी शिकवून राहिले, पण त्या धड्याला माझं डोकं अजून गरम होतं. एवढा राग व्याकरणाचा नसतो, हे पोरांना कुठून कळणार!

आमचं गाव निलंग्याकडचं. भूकंपात आमचं घर बसलं. आदल्या दिवशी गणपती बोळवले होते, उकाडा होता म्हणून आम्ही चौघंही अंगणात निजलो होतो, म्हणून वाचलो. अण्णा, म्हणजे माझे वडील, ग्रामपंचायतीत कारकून होते. माय घर सांभाळायची. मी बारावी झालेली आणि माझा भाऊ माझ्याहून दोन वर्षांनी लहान. तो मला अक्का म्हणायचा. जमीन पायाखालून सरकणं म्हणजे काय, हे आम्हाला कुणी पुस्तकातून शिकवायची गरज नव्हती.

मग पत्र्याचं शेड मिळालं. बाकीच्यांनी त्या पत्र्यावर देवाचे फोटो टांगले, मी खडूनं शब्द लिहिले. दाराकडच्या पत्र्यावर समानार्थी, चुलीकडच्या पत्र्यावर विरुद्धार्थी. मायचा पदर घासला की शब्द पुसले जायचे. "तुझं इंग्रजी माझ्या लुगड्याला लागून राहिलंय गं," असं ती ओरडायची, आणि मी पुन्हा लिहायची. दुपारी पत्रा इतका तापायचा की ‘अबंडंट’ लिहिताना हाताला चटका बसे.

याच काळात लातुरात क्लासेसचं पेव फुटलं. गल्लीगल्लीत पाट्या, एकेका खोलीत शंभर पोरं. भाऊ तिकडं खोली करून राहिला. मला अण्णांनी नांदेडला मावशीकडं ठेवलं. तिथं मी बी.ए. करता करता स्टेशनजवळच्या एका क्लासात जाऊ लागले. सर किनवटकडचे होते, बारीक आवाजाचे. पहिल्याच आठवड्यात त्यांनी दोन गोष्टी डोक्यात पक्क्या बसवल्या. एक, पेपरात पत्र लिहाल तर खाली स्वतःचं नाव कधी लिहायचं नाही, एक्स वाय झेड लिहायचं. नाव लिहिलं की पेपर बाद. दुसरी, ज्याला कर्ता लपवायचा असतो तो पॅसिव्ह वापरतो. "तुमच्या सरकारी कागदावर बघा," ते म्हणायचे, "निर्णय घेण्यात आला आहे. घेतला कुणी? भुतानं?"

आम्ही हसायचो. मला तर हसू आवरायचं नाही, कारण आमचे अण्णा घरातसुद्धा तसंच बोलायचे. आयुष्यभर ठराव लिहून जीभच तशी झालेली. "उद्या निलंग्याला जाण्याचे ठरवण्यात आले आहे." "गूळ आणण्यात आलेला नाही." माय म्हणायची, "आणायचा कुणी होता? मी का तुम्ही?"

आता मुद्द्याचं सांगते. ज्यांची घरं पडली त्यांना सरकार भूकंपग्रस्त म्हणून दाखला देत होतं. त्यावर नोकरीत राखीव जागा होत्या. पण घरातल्या एकाच माणसाच्या नावानं तो दाखला निघायचा. एक घर, एक नाव. आमच्या घरात ते नाव माझं, असं शेडमध्ये चौघांच्या देखत ठरलं होतं. अण्णा स्वतः म्हणाले होते, "पोरीचं इंग्रजी चांगलं हाय. तिच्या नावानं काढू." भाऊ म्हणाला होता, "हाव, अक्कालाच द्या. मला त्या ग्रामरनं येड लागायची पाळी आलीय." मी कारकुनाच्या परीक्षेची तयारी करत होते. दाखला हातात असला तर जागा मिळेल, असं सरांनी माझे सराव पेपर बघून सांगितलं होतं. मला नोकरी हवी होती. पगाराचं तर होतंच, पण त्याहून जास्त मला एक टेबल हवं होतं. ज्याच्यामागे मी बसेन आणि समोरचा माणूस "मॅडम" म्हणेल, असं टेबल. हसा खुशाल. मला तेच हवं होतं.

सुटीत आम्ही दोघं शेडमध्ये एकत्र अभ्यास करायचो. खरं तर मी शिकवायची, तो जांभया द्यायचा. त्याच्या चुका सांगितल्या तर आजही माझी पोरं लोटपोट होतात. ‘मी अभ्यास करून राहिलो’ याचं त्यानं इंग्रजी केलं होतं, ‘आय डिड स्टडी अँड लिव्ह्ड.’ अभ्यास केला आणि जिवंत राहिलो! मी म्हणाले, "अरे, आपण बोलतो ते ‘करून राहिलो’ म्हणजे चालू काळ. तुझं वाक्य वाचून तपासणारा म्हणेल, बरं झालं बाबा वाचलास." ‘कन्सेंट’ आणि ‘कंटेंट’ यांत तर तो दर वेळी घोटाळा करायचा. कन्सेंट म्हणजे संमती, कंटेंट म्हणजे समाधानी. दोन्ही शब्द मी त्याच्यासाठी चुलीकडच्या पत्र्यावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवले होते. आणि व्हॉइस बदलताना कर्ता हमखास गाळायचा. "बाय हूम?" मी त्याच्या डोक्यात टपली मारायची. "बाय हूम, गाढवा?"

तो रागवायचा नाही. फार गोड पोरगा होता. हे लिहायला मला जड जातंय, पण होता.

एका दिवाळीत तो लातूरहून आला तो एक कागद घेऊन. म्हणाला, "अक्का, क्लासला पत्रलेखन दिलंय. भाषांतर करून दे. मी बघून शिकतो." असली पत्रं मी आधीही केली होती. लातूरच्या क्लासात निम्मी पोरं आमच्यासारखीच पडक्या गावांची, त्यामुळे तिथले सर विषयही तसलेच द्यायचे. पत्र्यासाठी तहसीलदारांना अर्ज, पाण्याच्या टाकीसाठी अर्ज. या वेळचा विषय होता, लहान भावाच्या नावानं भूकंपग्रस्त दाखला देण्यास हरकत नसल्याचं मोठ्या बहिणीचं पत्र.

मी वाचून हसलेच. "बघ रे, पेपरात का होईना, दाखला मिळाला तुला!"

तोही हसला. मग वही चाळू लागला.

कागदावरचा मराठी मजकूर अण्णांच्या अक्षरात होता. ते लांब शेपटीचे ‘ज’ मी हजारात ओळखले असते. भाऊ म्हणाला, "माझं अक्षर तुला लागत न्हाई म्हणून अण्णांकडून उतरून घेतलं." खरं सांगू? मला इतका आनंद झाला! अण्णांनी माझ्या अभ्यासासाठी कधी पेन उचललं नव्हतं. मावशीकडं ठेवलं, क्लास लावला, पण शेजारी बसून काय शिकतेस असं एकदाही विचारलं नव्हतं. त्या दिवशी वाटलं, चला, यांनाही आता गोडी लागली.

मग मी जीव ओतून लिहिलं. आधी कच्चं, मग पक्कं. समास सोडून, एका रेषेत. भावानं पांढरा फुलस्केप कागद आणून दिला. मी खाली एक्स वाय झेड लिहायला गेले तर म्हणाला, "खरं नाव लिही अक्का. आमचे सर म्हणतात, सरावाला खरं नाव लिहिलं की हात बसतो. सही पण कर."

"पेपरात लिहिशील आणि बाद होशील," मी म्हणाले.

"पेपरात कोण लिहून राहिलं? घरीच हाय हे."

मी खरं नाव लिहिलं. सही केली. कशी वळणदार सही केली म्हणून सांगू! पत्रातलं एक वाक्य मला फार आवडलं होतं. ‘मी कसलीही हरकत घेत नाही’ याचं मी पॅसिव्ह केलं होतं, ‘नो ऑब्जेक्शन इज रेज्ड बाय मी.’ भावाला बोट ठेवून दाखवलं, "हे बघ, इथं बाय मी गाळायचं नाही. हरकत बाकी कुणाची असेल, माझी नाही, हे त्याशिवाय कसं कळणार?" आणि त्याच्या खाली ‘विथ माय फुल कन्सेंट’. "कन्सेंट, कंटेंट नव्हे. कळलं का?"

"कळलं," तो म्हणाला.

चहाच्या वेळी अण्णांनी तो कागद मागून घेतला. इंग्रजी त्यांना वाचता यायचं, बोलता नाही. चष्मा लावून वरपासून खालपर्यंत दोनदा वाचला. म्हणाले, "एकबी चूक न्हाई." घडी न घालता तो त्यांनी पुठ्ठ्याच्या फाइलीत ठेवला. मला वाटलं, जपून ठेवतायत. मी मायला सांगितलं, मावशीला सांगितलं, नांदेडला येऊन सरांनासुद्धा सांगितलं की आमच्या अण्णांनी माझं पत्र फाइलीला लावलं!

उन्हाळ्यात जाहिरात निघाली. फॉर्मला दाखल्याची प्रत जोडायची होती. अण्णांना निरोप धाडला, तर उत्तर आलं की काम चालू आहे. पुन्हा धाडला, पुन्हा तेच. शेवटची तारीख जवळ आली तशी मी सकाळची एस.टी. धरली आणि स्वतःच लातूरच्या कचेरीत जाऊन उभी राहिले.

टेबलावरच्या कारकुनानं गावाचं नाव विचारलं, अण्णांचं नाव विचारलं आणि रजिस्टर उघडलं. मग बोट थांबवून म्हणाला, "ताई, तुमच्या घरचा दाखला गेला की. फाल्गुनातच. तुमच्या भावाच्या नावानं."

"चुकलं असेल तुमचं. माझ्या नावानं आहे तो."

"चुकायचं काय त्यात? तुमचं हरकत नसल्याचं पत्र हाय ना." त्यानं फाइल ओढली. "हे बघा. इंग्रजी पत्र आमच्याकडं कोण देतंय? साहेबांनी सगळ्या टेबलांवर फिरवलं होतं. म्हणाले, शिका जरा, खेड्यातली पोरगी कसं लिहिते बघा."

पत्र माझ्या हातात दिलं. फुलस्केप, समास, वळणदार सही. वर आवकचा गोल शिक्का.

मी काय केलं असेल? रडले नाही. मी चूक शोधू लागले. शपथेवर सांगते, त्या टेबलापुढं उभी राहून मी एकेक ओळ तपासली. एखादं आर्टिकल चुकलेलं निघावं, एखादं स्पेलिंग, म्हणजे म्हणता येईल की हे माझं नव्हे. काही निघालं नाही. कारकून म्हणाला, "तुमचंच अक्षर ना, मॅडम?"

मॅडम. आयुष्यात पहिल्यांदा मला कुणी मॅडम म्हणालं, ते तिथं.

दुपारच्या गाडीनं मी गावी गेले. तोवर पत्र्याचं शेड जाऊन नवं घर झालं होतं, एकसारख्या घरांच्या रांगेतलं. अण्णा ओट्यावर होते. भाऊ आत मायनं वाढलेलं जेवत होता. त्यानं मला बघितलं आणि त्याचा हात ताटातच थांबला. त्याला कळलं होतं.

मी अण्णांना म्हणाले, "दाखला त्याच्या नावानं काढलात?"

अण्णांनी चष्मा काढून पुसला. "तसं ठरवण्यात आलं."

"कुणी ठरवलं?"

"सगळ्या बाजूंनी विचार करण्यात आला, बाळ. तुझं लग्न होईल. दाखला दुसऱ्याच्या घरी जाईल. पोराला ग्रामर येत न्हाई, त्याला दाखल्याबिगर कोण घेतंय? तुला तर येतं. तू दाखल्याबिगर बी लागशील."

म्हणजे मी हुशार होते म्हणून माझं काढून घेतलं! माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी ओरडले, "मग मला सांगायचं होतं! तोंडावर सांगायचं होतं! मी भांडले असते, रडले असते, कदाचित दिलाही असता. अभ्यास म्हणून लिहून घेतलंत माझ्याकडून? मला वाटलं, तुम्ही माझ्यासाठी पेन धरलंत. फसवलंत मला. बापानं फसवलं."

माय दारात येऊन उभी राहिली, पदर तोंडाला लावून. तिला ठाऊक होतं की नव्हतं, हे मी तिला शेवटपर्यंत विचारलं नाही. भीती वाटायची, ती काय सांगेल याची.

मी त्यांच्यापुढून हलले नाही. "नाव सांगा," मी म्हणाले. "ठरवण्यात आलं, विचार करण्यात आला, हे मला नका सांगू. माझा दाखला दुसऱ्याला देऊन टाकला तो कुणी? बाय हूम?"

अण्णांनी मान खाली घातली. उत्तर आतून आलं. माझा भाऊ, ज्याला मी तीन वर्षं टपल्या मारून शिकवलं, तो ताटावर बसल्याबसल्या, माझ्याकडं न बघता, अगदी हळू म्हणाला, "पत्रात हाय की अक्का. बाय मी."

कर्ता त्यानं त्या दिवशी पहिल्यांदा बरोबर सांगितला.