दोन हाळ्यांवरचा नेपच्यून

कल्पना करा, मोबाईलला रेंज नसलेल्या रानातून तुम्हाला ओढ्यापलीकडच्या घरी निरोप पाठवायचा आहे. तुम्ही तोंडाशी तळवे धराल आणि हाळी द्याल. ती जिथवर पोचते ते अंतर एक हाळी. जोयडा तालुक्यातल्या आमच्या वाड्यांत अजून असंच अंतर सांगतात. घर दोन हाळ्यांवर असलं, तर मधल्या घरातलं कोणीतरी ऐकतं आणि तीच हाळी पुढे देतं.

फुला वेळीप ही आमच्या वाडीतल्या शाळेत मुलांचं जेवण रांधते. सुट्टीत घरी आले होते, म्हणून मी त्या शाळेत विज्ञानाचा एक तास घेतला. अंगणात लाल भोपळा ठेवला, तो सूर्य. पस्तीस पावलांवर मोहरीचा दाणा, ती पृथ्वी. नेपच्यून हजार पावलांवर, म्हणजे पार ओढ्यापलीकडे.

"पृथ्वी दुप्पट लांब नेली, तर सूर्याची ओढ किती उरेल?"

"अर्धी," मुलं म्हणाली.

फुला स्वयंपाकखोलीच्या दारात उभी होती. "त्या शेवटच्याला कशी पोचल? मदले पुढं देत आसतील."

"मावशी, सूर्य हाळी देतो व्हय?" सातवीतली नेत्रा म्हणाली. "मग बुध म्हनत आसंल, अरे शुक्रा, म्हातारा बोलवतोय बग." मुलं हसली. फुलाही हसली.

मी सांगितलं, अर्धी नाही, चौथाई. तिप्पट लांब नेली तर नववा हिस्सा. नेपच्यूनइतकी, तीसपट लांब नेली तर नऊशेवा. ओढ घटत जाते, पण संपत नाही. आणि मध्ये कोणी लागत नाही. बुध-शुक्र नसते तरी पृथ्वी फिरतच राहिली असती.

"मदलं कोन नसलं तरी?" फुलाने विचारलं.

"तरी."

जेवणं आटोपल्यावर ती भांडी घासायला बसली, तेव्हा मी पाणी ओतून देत होते. ओढ्यापलीकडे तिची आई एकटी राहते, दोन हाळ्यांवर. मधलं घर लखूचं. मे महिन्यात तो बिऱ्हाड घेऊन रामनगरला गेला. फुला म्हणाली, "त्येचं काय चुकलं न्हाई. पोरं शिकवायची हायत त्येला."

श्रावणात आई अंगणात घसरली. सकाळपासून हाळ्या देत पडून राहिली. फुला तेव्हा इथे चाळीस पोरांचा भात शिजवत होती. संध्याकाळी गेली तेव्हा आईचा आवाज बसला होता. आता आईला धड चालता येत नाही, आणि घर सोडून ती येत नाही. फुलाला चूल सोडून जाता येत नाही. रोज सकाळी ती हाळी देते, थोडा वेळ थांबते आणि शाळेत येते.

मी पुढचा तांब्या ओतला. मला फक्त सूत्र येत होतं.

तिने पातेलं पालथं घातलं. "बाय, एक सांग. मदी कोन न्हाई, मग ती ओढ पोचती कशी?"