थंडी पडली की जाऊ

गरम पाण्याच्या कुंडात माझ्याच वयाचे एक गृहस्थ आपल्या आईला दोन्ही हातांनी धरून उतरवत होते. पायरीवर त्यांची पिशवी उघडी पडली होती. तीत बदलायचं सुती लुगडं, खोबरेल तेल, आणि गंधकाच्या पाण्यानं चांदी काळी पडते म्हणून रुमालात बांधलेली म्हातारीची अंगठी.

"हळू रे, मी काय गोणी आहे?"

"गोणी परवडली. ती बोलत नाही."

माझी आईही गुडघ्यांसाठी दरवर्षी इथे यायचं म्हणायची. मी म्हणायचो, थंडी पडली की जाऊ, उन्हाळ्यात हे पाणी सोसवत नाही. थंडीत म्हणायचो, रविवारी गर्दी असते, आडवारी बघू. यातलं काहीच खोटं नव्हतं. कारणं खरी असली की त्यांच्यामागे निवांत लपता येतं. आज पौषातल्या मंगळवारी मी एकटा आलोय. आईला जाऊन दोन वर्षं झाली.

चारचौघांत ओल्या कपड्यांतल्या आईला असं धरून उभं राहायची मला लाज वाटत होती. हे मी कुणाला सांगितलं नाही. तिला सांगावं लागलं नसावं. शेवटी शेवटी मी तोंड उघडायच्या आतच ती म्हणायची, "यंदा नको रे, गर्दी असेल."